दूधकट्ट्यावरची वाटणी

(कोल्हापूर, २००३. सकाळचा दूधकट्टा, गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात. माजी पैलवान जयसिंग, आणि पेठ वडगावहून आलेली त्याची थोरली बहीण, आक्का.)

आक्का : तो पेला आधी खाली ठेव.

जयसिंग : चारचौघांत बोंबलू नको. बनीनं बोलावून घेतलं व्हय तुला?

आक्का : रडत हुती तुझी बायको फोनवर. काय म्हणाला डॉक्टर?

जयसिंग : काय न्हाय. शिंप्यागत पोटाला टेप लावला आणि कायतरी इंग्लिश नाव सांगितलं.

आक्का : मेटाबॉलिक सिंड्रोम. पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी, सगळं एकदम वाढलंय तुझं.

जयसिंग : थोडं थोडंच की. साखर तर अजून काठावर हाय. आणि दुखतंय कुठं मला?

आक्का : केरबाला तरी कुठं दुखत हुतं? ह्याच कट्ट्यावर पडला.

जयसिंग : मेलेल्या भावाला मधी आणू नको.

आक्का : आणणार. त्याचं पोट असंच हुतं, आणि आपण त्याला पैलवानाचं अंग म्हणायचो. त्याला हार्ट अटॅकनं नेलं. तुला लकवा मारंल, न्हायतर डायबेटिस धरंल. एकेक दुखणं परवडतंय, जयसिंगा. सगळी मिळून आली की माणूस जातंय.

जयसिंग : पैलवानाला खुराक लागतोच.

आक्का : पैलवान कोण हाय हितं? लंगोट सोडून वीस वर्षं झाली. जोर न्हाईत, बैठका न्हाईत. दिवसभर सायकलच्या दुकानात गल्ल्यावर बसतोस. खुराक तेवढा चालू! दूध, तूप, बदाम, मटण. जिरणार कुठं ते?

जयसिंग : आक्का, तोंड सांभाळ.

आक्का : न्हाय सांभाळत.

जयसिंग : रस्त्यानं जाताना लोकं अजून पैलवान म्हणून हाक मारत्यात. हे पण सोडलं तर माझ्यात ऱ्हायलं काय?

आक्का : बनीला कुंकू ऱ्हाईल. मला भाऊ ऱ्हाईल. एक गेलाय माझा.

जयसिंग : सवय तूच लावलीस. तांब्या घेऊन तालमीच्या दारात कोण यायचं?

आक्का : मीच. घरात एकच म्हैस. तुला दूध, मला ताक. माझ्या वाटणीचं पण तूच प्यालास. कधी बोलले का मी?

जयसिंग : ते आता कशाला उकरतीस?

आक्का : आण तो पेला इकडं.

जयसिंग : सांडू नको, आक्का. चांगलं दूध हाय.

आक्का : सांडत न्हाय. माझी वाटणी ऱ्हायलीया. तू घरला जाऊन ताक पी.