थोरलीला शाळा मानवली

— नाही नाही ताई, पाठवायचीच! असा विचार करत बसलात तर जागा हातची जाईल. या प्रेप स्कूलमध्ये आठव्या वर्षी घेतात, इथेच राहायला ठेवतात आणि मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला मूल तयार करून देतात — आणखी काय हवं आपल्याला? म्हणे फायदा होतो का! अहो, माझी थोरली इथेच होती ना. बसा हो, शाळेचे मोठे साहेब आत आमच्या ह्यांच्याशीच बोलताहेत, वेळ आहे तुम्हाला.

थोरली म्हणजे — काय सांगू — नुसती टकळी. दात घासतानासुद्धा बोलायची, आरशावर सगळा फेस. हे म्हणायचे, हिला एक बटण बसवून घेऊ या. इथे सोडली तेव्हा माझी बाही अशी काही धरून बसली की वसतिगृहाच्या बाईंनी एकेक बोट सोडवलं — हळूच हं, दुखवून नाही. म्हणाल्या, सहामाहीपर्यंत फोन करू नका, आईचा आवाज ऐकला की मुलं पुन्हा कच्ची होतात. नाही केला आम्ही. जड गेलं, नाही असं नाही. मी आपली नंबर लावायचे आणि वाजायच्या आत बंद करायचे.

आणि सुट्टीत आली ती — ओळखूच येईना! सकाळी बघते तर पलंगाशी उभी, हात मांड्यांना चिकटलेले. म्हटलं, काय गं, अशी काय उभी? तर म्हणाली, "तपासणी." मला हसूच फुटलं. पण ही हलेना. चहा झाला, ह्यांची अंघोळ झाली, ही आपली तशीच. शेवटी मी चादरीवरून हात फिरवला, म्हटलं, पास — तेव्हा कुठे बसली. मग रोजच पास म्हणायचे मी. एकदा नापास म्हटलं — गंमत म्हणून हो! — तर घोटभर पाणी न पिता दुपारपर्यंत चादर घालत बसली. घालायची, काढायची, पुन्हा घालायची. थांबवलं ना मी. थांबवणार नाही का? म्हणजे — घर कधी नव्हे ते इतकं शांत होतं ना, माझा जरा डोळा लागला...

असं बघू नका हो. मुलं बिघडतात, ही सुधारली. समजूतदार तर इतकी झाली! एरवी धाकटीशी कडाकडा भांडायची, आता दोघी दार लावून बसायला लागल्या. एकदा सहज उघडलं, तर धाकटीच्या तोंडात उशीचा कोपरा आणि थोरली तिला सांगतेय, "नाकाने श्वास घे. खांदे हलू देऊ नकोस, खांदे हलले की बाईंना कळतं." म्हटलं, हा कुठला गं खेळ? "खेळ नाही," म्हणाली, "आवाज न करता रडायचं शिकवतेय. हिला तिथे लागेल." बघा! बहिणीची केवढी काळजी! मी आपलं हळूच दार लावून घेतलं.

आणि लागलाच की नंबर मोठ्या शाळेत! पहिल्या यादीत! ह्यांनी ऑफिसभर सगळ्यांचं तोंड गोड केलं. आता तिकडेच असते. सुट्टीत? नाही, नाही येत. "इथेच ठीक आहे," म्हणते. फोनवर मला — तुम्हाला गंमत वाटेल — मला "आपण" म्हणते. "आपण बऱ्या आहात ना?" आईला हो! मग मीही चुकून म्हणते, हो, आपण? ... वळण आहे ते. पैसे टाकून येत नाही असं वळण.

धाकटी? आणलीय ना, आजच तर सोडायचीय. गाडीत आहे. एकटी म्हणजे — काच बोटभर खाली ठेवलीय मी, बाकी कुलूप आहे. घरातून निघताना ह्यांना चावली हो, रक्त आलं. पण चावतात सगळीच. थोरली नव्हती चावली. ती नुसतीच —

अहो, कुठे निघालात? साहेबांना भेटायचं नाही का? ... बरं. बरं, जा. तुमच्या लेकीचं तुम्ही बघा, माझ्या लेकींचं मी बघते. फक्त जाताना त्या निळ्या गाडीकडे बघू नका. कुणी बघितलं की ती काचेवर हात मारायला लागते.