शिट्टी मारणारी गिटार

—नाही हो काका, आत दुसरं कोणी नाही. मिस्त्री मीच. त्या फोटोतले चष्मेवाले गृहस्थ मालक आहेत, त्यांना तार बदलता येत नाही, संध्याकाळी येऊन खुर्ची तेवढी गरम करतात. ठेवा इथे, टॉवेलवर. तर काय म्हणालात, मुलाला कॉलेजात हसतात? हसणारच. त्या पोरांना गिटार वाजवायची कुठे असते, दाखवायची असते — गिटारीच्या डोक्यावर कंपनीचं नाव पाहिजे, मग ते खरं असो नाहीतर स्टिकर असो. आणि तुम्ही बाप म्हणून काय केलंत? म्हणालात का त्याला, की बाबा रे, वाजवून दाखव त्यांना? नाही. गिटार उचललीत आणि आलात — नाव टाका, तारांखालचा तो आवाज उचलणारा पिकअप बदला, ती शिट्टी बंद करा. रागावू नका. मी सगळ्यांशीच अशी बोलते, म्हणून तर कॉलेजातनं बाहेर आहे.

इकडे बघा, ही मागची भिंत. समोर काचेतल्या सोडा, त्यांना विचारणारे रोज येतात. ही हिरवी — हिला सहा स्विच, त्यातले चार कशाचे ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावं, पण तिसरा नि पाचवा एकदम खाली केला की असा आवाज येतो, दुखरा दात जिभेनं दाबल्यासारखा, सोडवत नाही. ही लाल, प्लायवुडची. प्लायवुड म्हटलं की लोक नाक मुरडतात, जसं काही यांच्या घरी सगळी कपाटं शिसवी! मान जाडजूड आहे, मनगट भरून येतं, कबूल — पण एकदा सूर लावा, आठवडाभर हलणार नाही. बिचाऱ्या? बिचाऱ्या कशाला? कुणी कान दिला नाही त्यांना, एवढंच.

आणि तुमची ही. जुन्या बाजारातनं आणलीत ना? थांबा, चार स्क्रू आहेत फक्त. नाव नाही म्हणता — द्यायचंच नव्हतं. पंख्यांचा कारखाना होता एक. पंखे खपेनात, तेव्हा कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, गिटारीच्या पिकअपमध्येही तांब्याची तारच असते ना, चुंबकाभोवती गुंडाळलेली — मग मोटारी गुंडाळणाऱ्या बायका आहेतच आपल्याकडे, लावा कामाला. पाच वर्षं चाललं. माल यांचा, नाव ज्याचं त्यानं चिकटवावं. चाळीस बायका ओळीनं बसायच्या. केसापेक्षा बारीक तार, हजारो वेढे, चिमटीतनं सोडायची — कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून यातल्या दोन गिटारी सारख्या वाजत नाहीत. मी त्याला गुण म्हणते, साहेब दोष म्हणायचे. आणि दोष कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकीला नखांच्या रंगाची वेगळी बाटली दिलेली, कॉइल झाली की खाली आपल्या रंगाचा ठिपका ठेवायचा. सही नव्हे हं काका, पकडायला ठेवलेली खूण. मला कसं माहीत? आई होती त्यांच्यात. आईचा जांभळा.

एक गिटार तिनं घरी आणली होती, तपासणीत नापास झालेली. शिट्टी मारते म्हणून नापास. का मारते सांगते — बाकीचे कारखाने कॉइल वितळलेल्या मेणात बुडवतात, मेण आत शिरतं, वेढे जागच्या जागी बसतात. इथे मेण कोण वापरणार? मग सैल तार थरथरते, अँप, तो स्पीकरचा खोका, मोठा केला की किंचाळते — आणि अजून एक करते, जे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. तारांजवळ तोंड नेऊन बोललात तर ऐकते. खरंच! माइकसारखी. डब्यातून आल्यासारखा, पण येतो आवाज अँपमधनं. लहानपणी अँप माझ्या खोलीत असायचा आणि लांब वायरीनं गिटार स्वयंपाकघरात, आईच्या मांडीवर — "बाईसाहेब, ताट वाढलंय, येताय की पालखी पाठवू?" हसून हसून पोट दुखायचं. जेवण गार व्हायचं.

आमचा बापही गिटारवाला बरं का. हॉटेलात बँड होता त्याचा. त्याची नाववाली, मखमली पेटीत झोपायची. आईची ती 'फळकूट'. चार लोकांसमोर म्हणायचा, "हे हिच्या कारखान्यातलं फळकूट." आणि त्याच्यावर ओला टॉवेल टाकायचा. ती हसायची. आता तुम्ही म्हणाल बापाबद्दल असं बोलू नये — का नये? मोठी माणसं वयानं मोठी होतात, तेवढंच करतात.

मग आईचा गळा गेला. ऑपरेशन झालं, आवाज म्हणजे नुसती हवा राहिली. मी तेव्हा कॉलेज सोडून इथे लागले होते, दिवसभर इथेच. ती आतल्या खोलीत पडून, बाप बाहेर टीव्हीसमोर. तर तिनं काय केलं — फळकूट घेतलं पलंगावर आणि अँप ठेवायला लावला बापाच्या खुर्चीशेजारी. पूर्ण मोठा. तारांना तोंड लावून बोलायची. पाणी. उशी. किती वाजले. मध्येच शिट्टी, कान फाडणारी, मग पुन्हा — पाणी. साधा माइक द्यायचा ना? द्यायचा! वाद्यांच्या दुकानात काम करते मी, काका, या मागच्या कपाटात नऊ माइक आहेत. तुम्हाला आत्ता सुचलं ते मला तेव्हा — असो.

एक दिवस बाप म्हणाला, कॉलेज सोडून मिस्त्री झालीस ना, मग ती शिट्टी तेवढी बंद करून दाखव. दाखव, म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काम सांगितलं होतं. आणि मला दाखवायचं होतं. आणली इथे. ह्याच टेबलावर मेण वितळवलं, पिकअप सोडला आत. अडकलेली हवा बाहेर येते, बारीक बारीक बुडबुडे, ते थांबले की झालं. शेवटचा येईपर्यंत उभी होते मी. सुबक काम, एक थेंब इकडे तिकडे नाही. घरी नेली, जोडली, अँप पूर्ण फिरवला — चिडीचूप. बाप म्हणाला, "वा." जन्मात मला मिळालेला तो एकच वा.

आईनं गिटार जवळ ओढली. तोंड नेलं तारांपाशी. ओठ हलले. काही नाही. तिनं बटण पाहिलं, वायर दाबून पाहिली, पुन्हा ओठ हलले — लांब काहीतरी, पाणीबिणी नाही, चांगलं वाक्यभर. अँप गप्प. मग माझ्याकडे बघितलं, आणि अंगठा वर केला. छान झालंय म्हणून. बारा दिवस होती त्यानंतर. काही हवं असलं की चमच्यानं वाटी वाजवायची.

बापाला माहीत होतं ना, ती त्यातनं बोलते! त्याला शिट्टीचं काही नव्हतं, त्याला ते 'पाणी, पाणी' बंद करायचं होतं. त्याच्या तोंडावर सांगितलं मी, आणि घर सोडलं. सगळ्यांना हेच सांगते. आणि मला? मला माहीत नव्हतं का? — मिस्त्री मी. वेढे हलायचे थांबले की शिट्टी नाही, आणि शिट्टी नाही म्हणजे... मेण वितळत होतं तेव्हा आलं होतं डोक्यात. आलं होतं, काका. म्हटलं, एकदा वा म्हणू दे त्याला, मग बघू.

नाही, निघत नाही मेण. काढायला गेलं की तार तुटते.

हं, सुटलं झाकण. ती बॅटरी धरा जरा. इकडे, खाली. नीट धरा ना. दिसला? कोपऱ्यात.

जांभळाच आहे ना? तुम्ही सांगा. या उजेडात मला कळत नाही.

हात लावू नका! ...लावा. तुमचीच आहे.

मी नाही बदलणार काही. नावही टाकणार नाही. मुलाला सांगा, तोंड लावून बोल तिच्यात, मग बघ कोण हसतं. शिट्टी मारते? मारू दे. आणि मेणात कुणाला बुडवू द्यायची नाही, कुणी कितीही मोठा मिस्त्री सांगू दे. काय? मी ठेवून घेऊ? नको हो. माझ्याकडे आहे एक. गप्प असते.

काय म्हणाली असेल आई तेव्हा? — काका, ते माहीत असतं तर मी तुमच्याशी एवढी बोलत बसले असते? घ्या. हा पट्टा राहिला. निघा आता, दुकान बंद करायचंय मला. — माहितीये सकाळचे साडेदहा वाजलेत. निघा.