फाटक्या पानांतला समुद्र

परतूर स्टेशनच्या बाकावर मालनबाई गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी बहीणभावाची जुंपली होती.

"कौसल्या, तिसऱ्यांदा तुझी गोष्ट परत पाठवली मासिकानं! परतूरचा चोर दरवेळी समुद्रात कसा काय पळतो? समुद्र पाह्यलास का कधी?"

"लहानपणीच्या गुप्तहेराच्या पुस्तकांत चोर समुद्रातच पळायचे, दादा."

"बिलकुल न्हाई!"

"तूच तर वाचून दाखवायचास!"

"अगं, त्यांची शेवटची पानं फाटलेली होती. तू रडायचीस, म्हणून शेवट मीच रचून सांगायचो."

"बाराही भागांचे?"

"बाराच्या बारा."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझीच नक्कल करून राह्यले?"

गाडीची घंटा झाली. मालनबाईंनी पिशवी उचलली, पण पाय निघेना.

"मंग काढून टाकू समुद्र?" कौसल्यानं विचारलं.

"न्हाई," दादा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे."