चाकापुढचा दगड

वहिनी, आणि मुळशी-पौडच्या गावागावांतून आलेल्या मंडळींनो,

मला उभं राहून बोलायची सवय नाही. भजनात मागे बसून टाळ वाजवणारा मी माणूस. आज आप्पांच्या शोकसभेला या शाळेच्या ओट्यावर पहिल्यांदाच सगळ्यांपुढे आलोय. पण आप्पांबद्दल बोलायचं तर त्या सकाळबद्दल बोलावं लागतं, आणि त्या सकाळी गाडीत त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. म्हणून उभा राहिलो.

त्या सकाळी मी आंघोळ केली, मारुतीला पाणी घातलं, आणि रोजच्यासारखा दगड उचलून आप्पांच्या गाडीत ठेवला.

हा दगड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. काळा, एका बाजूला निमुळता. आप्पांची गाडी उताराला उभी राहिली की मी उतरायचो आणि तो चाकाला लावायचो. बाकीचा सगळा वेळ तो माझ्या दोन पायांमध्ये असायचा. दसऱ्याला आप्पा बॉनेटवर झेंडूचा हार घालायचे आणि मी दगडाला कुंकू लावायचो. आप्पा म्हणायचे, "सखाराम, तुझं देव काय संपत न्हाईत."

मला गाडीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. आमच्या वाटेला डाव्या हाताला दरी, आणि गाडीत माझी जागाही डावीकडची. मी रस्त्याकडे बघायचोच नाही, मनात रामनाम चालू. आप्पांना ते कळायचं. मग ते मुद्दाम गाड्यांविषयी बोलायला लागायचे, म्हणजे माझं लक्ष दुसरीकडे जाईल.

आणि काय बोलायचे! पुण्यात एकदा एक अमेरिकन गाडी उभी होती. लांबलचक, चकचकीत, मागे दोन्ही बाजूंना माशासारख्या शेपट्या. माणसं गोळा झालेली. आप्पांनी तिला एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, शेपटी माशाला वळायला लागते, हिला कशाला? मग धोतर खोचून रस्त्यातच वाकले आणि चाकाच्या आत डोकावले. मालक धावत आला. आप्पा त्याला शांतपणे म्हणाले की गाडी देखणी आहे, पण एवढं वजन उतारावर धरून ठेवायचं तर ब्रेक तापणार, ते जरा जपा. मालकाला राग आला नाही. त्याने आम्हाला चहा पाजला, आणि आप्पांनी त्याच्याच चहाचा घोट घेत त्याच्या गाडीचे आणखी चार दोष सांगितले.

आप्पांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही, हे वहिनीही सांगतील. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीला ते आळशी माणसाची गाडी म्हणायचे. इंजिन हँडल मारूनच जागं करावं, म्हणजे त्याची तब्येत हाताला कळते, असं त्यांचं मत. मग एका थंडीत हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. गळ्यात हात अडकवून बसले होते, तरी मत तेच. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "इंजिनाची तब्येत कळली, आता सोताची बघा."

पण एका गोष्टीत ते कधी चुकले नाहीत. गाडी विकत घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारायला आला, की तो विचारायचा पळते कशी. आप्पा म्हणायचे, "पळती कशी हे दुकानवाला बी सांगंल. थांबती कशी ते बघ." गाडीची किंमत रंगात नाही, गादीत नाही. पावसात, भरल्या गाडीनिशी, उतारावर ती जिथं म्हणाल तिथं थांबते का, तीच तिची किंमत. आणि थांबायलाही एकाच गोष्टीवर विसंबू नये. पायाचा ब्रेक, हाताचा ब्रेक, आणि दगड.

मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला कधी भीती वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटती म्हणून तर बिरेक बघतो. ज्याला भ्या न्हाई त्याच्या गाडीत बसू नगंस."

त्या सकाळी आम्ही धरणाकडून पौडला येत होतो. आप्पा गप्प होते. मला वाटलं, इंजिन ऐकतायत. मोठ्या वळणाच्या अलीकडे गाडी हळू झाली. कडेला जाऊन थांबली. मी बघितलं तर त्यांचा चेहरा घामाने भिजलेला. डावा हात छातीवर. उजवा हात हँडब्रेककडे गेला आणि तसाच खाली पडला. त्या गाडीचा हँडब्रेक दाराच्या बाजूला आहे, माझा हात पोचत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "दगड."

मी उतरलो. मंडळी, चढाला दगड चाकामागे लावतात. उताराला चाकापुढे लावावा लागतो. म्हणजे गाडीच्या पुढ्यात जाऊन वाकावं लागतं. पाठीमागे दरी, डोक्यावर गाडी, आणि गाडी कशाच्या बळावर उभी? एका माणसाच्या पायाच्या. त्या पायात किती जीव उरलाय, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना तरी ठाऊक होतं का?

रामनामसुद्धा आठवलं नाही मला. दगड ठेवला. तो हलला. परत ठेवला, टाचेने आत मारला.

वरून आवाज आला, "लागला का?"

मी म्हणालो, "लागला, आप्पा. पाय काढा."

मग त्यांनी पाय काढला. गाडी बोटभर पुढे आली, दगडावर टेकली, आणि उभी राहिली.

मागून आलेल्या ट्रकमधून आम्ही त्यांना पौडला आणलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. पण मंडळी, मी वाकलो होतो तेवढा वेळ ते गेले नाहीत. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मी बघितली. तरी पाय हलला नाही.

त्यानंतर त्या ट्रकवाल्याने गाडी आप्पांच्या गोठ्याशेजारी आणून लावली. आमच्या गावातून अडलेल्या बाईला, साप चावलेल्याला दवाखान्यात आणणारी ती एकच गाडी, आणि चालवणारे आप्पा एकटे. म्हणूनच भात निघाल्यावर मोकळ्या खाचरात त्यांनी मला गाडी शिकवली होती. पुण्यात सपाट मैदानावर परीक्षा द्यायला लावली. लायसन्स मी देव्हाऱ्यात ठेवलं, आणि रस्त्यावर एकदाही चाक धरलं नाही. आप्पा आहेत ना, म्हणायचो.

काल वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, गिऱ्हाईक आलंय. तुमी चालवणार असाल तर गाडी ऱ्हाईल. न्हाईतर गंज खाण्यापरीस जाऊ द्या." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं.

मी तसाच घरी आलो.

आज सकाळी मी देव्हाऱ्यातून लायसन्स काढलं. वहिनींना मागे बसवलं. आज माझ्या शेजारी दगड धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो डावीकडच्या जागेवर ठेवला. सबंध उतार पहिल्याच गिअरमध्ये उतरलो. बैलगाडीवाला पुढे निघून गेला, जाताना हसला. मोठ्या वळणावर मी थांबलो, दरीला हात जोडले, आणि पुन्हा निघालो. भीती गेली का? नाही. ती माझ्याबरोबरच पौडपर्यंत आली आणि परतीलाही येणार आहे. पण गिऱ्हाईकाला वहिनींनी येऊ नको म्हणून कळवलंय. यापुढे रात्री-अपरात्री कुणाला दवाखाना गाठायचा असेल, तर माझं दार वाजवा. मी हळू आणीन, पण आणीन.

गाडी बाहेर शाळेच्या उतारावर उभी आहे. आता सगळ्यांनी क्षणभर उभं राहावं. कुणी काही बोलू नये. मला आप्पांना एवढंच सांगायचंय.

आप्पा, दगड लागला. पाय काढा.