बाईला चालायला कारण लागतं

(आमच्या वाडीतल्या अनसूयाकाकी ओटीवर बसून जसं बोलल्या, तसं लिहून घेतलं आहे. काही राहिलं असेल तर चूक माझी.)

माझं माहेर लांज्याकडचं, डोंगरातलं, सहा बहिणींत मी तिसरी, आणि चालायला लागले तशी कामाला लागले, आता कुठल्या कामाला म्हणून विचारू नको, सगळ्याच. विहीर खाली, घर वर. लग्न होऊन इथं आले तर इथंही विहीर खालीच नि घर वरच. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि पुढं पोट, चार बाळंतपणं अशीच गेली, त्यातला जगला एक. मालक मुंबईला कामाला, गणपतीला नि शिमग्याला घरी, म्हणजे नांगर सोडला तर शेतातलं सगळं माझ्या अंगावर, भाताच्या रोपांचा तरवा काढायचा, लावायचा, भात कापायचं, झोडायचं. तेव्हा कुणी म्हणालं नाय, अनसूये, बस जरा. काय सांगू तुला बाय, चाळीस वर्षांत एकानं म्हटलं नाय.

मालक गेले नि पोरगा शहाणा झाला. तोही मुंबईला, हापिसात. तीन वर्षांमागं आला, नळ घेतलान, गॅस घेतलान, ही खुर्ची आणलीन, तू बसल्येस ती, नि म्हणाला आये, आता तू आराम करायचास. गाय विकलीन. खाचरं पड टाकलीन. मला विचारलान नाय. लोक म्हणाले नशीबवान आहेस, पोरगा बसवून खायला घालतो. बसवून! मी काय गणपती आहे मखरात बसवायला?

पण बसले. एक पावसाळा बसले, दुसरा बसले. पायाला सूज आली, गुडघे असे धरले की खाली बसले तर उठायला भिंत लागायची, आणि एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्यात पडले. शेजारच्या सुलभेनं उचललीन मला. लगेच पोरग्याचा फोन, बघ, पडलीस ना, म्हणून सांगतो जाग्यावरून हलू नको. अरे मेल्या, मी बसून बसून पडले! पण ऐकतोय कोण.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, पोरसवदाच, तिनं गुडघा दाबून बघितलान नि विचारलान, आजी, व्यायाम करता? असा राग आला मला. म्हटलं बाय, जन्मभर दुसरं केलं काय? ती हसली नाय. म्हणाली मग सोडलात कशाला, रोज सकाळी अर्धा तास चाला.

दुसऱ्या दिवशी निघाले, हात हलवत. तर घरागणिक एक तोंड बाहेर. काय गो वयनी, कुणाकडं? कोण आजारी आहे काय? कुणाकडं नाय, चालत्येय. अशीच? अशीच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुंबईला फोन लावलान, तुझी आवस रस्त्यानं कारणाशिवाय फिरते, डोक्यावर परिणाम झालाय काय बघ. झालं, पोरगा माझ्यावर तापला, आये, लोक म्हणतील पोरानं टाकलीन म्हणून भटकते. आणि हा स्वतः, ऐक तू, हा स्वतः तिकडं जिमात जातो, फिरत्या पट्ट्यावर तासभर पळतो नि आहे तिथंच. सून कौतुकानं सांगते मला. तो पळतो ती तब्येत, मी चालले तर वेड.

मग काय, बांबूचा हारा घेतला डोक्यावर. रिकामा. हारा असला की कोण विचारत नाय, बाई कामाला निघाली म्हणतात. दोन महिने मी रिकामा हारा सड्यावर, वरच्या कातळमाळावर, नेला नि परत आणला. एक दिवस वर पोचले नि माझी मलाच लाज वाटली, म्हटलं अनसूये, पासष्टी उलटली नि चोरासारखी चालत्येस? तिथंच काजूंखाली सुकलेल्या पानांचा पातेरा पडलेला, हारा दाबून भरला नि खाली आणून आपल्या पड खाचरात ओतला. मग रोज एक हारा. शिमगा झाल्यावर सुलभेला घेऊन भाजावळ केली, तरव्याच्या जागेवर तो पातेरा पसरून जाळला, आणि पावसाच्या तोंडावर भात पेरलं. एकच खाचर, जास्त नाय. गुडघा दुखतो, खोटं कशाला बोलू, दोन ओळी लावल्या की बांधावर टेकते. पण उठते माझी मी.

लावणीच्या दिवशी पोरगा आला, न सांगता. बांधावर बूट घालून उभा नि ओरडतो, चार बायांदेखत, आये, बाहेर ये, माझी अब्रू घालवत्येस. मी चिखलात, हातात तरव्याची जुडी. म्हटलं बाबा, मी तुला वाढवलं ते ह्याच चिखलात, तेव्हा अब्रू कुठं होती तुझी? लाज वाटते तर तू जाऊन बस घरात. सुलभा हसली. तिथं तो जास्तच बिथरला.

न जेवता गेला. घावणे केले होते, तसेच राहिले. दीड महिना झाला, फोन नाय. सून करते, चोरून. मलाही राग आहे, नि तो इतक्यात जायचा नाय. पण पोटचा आहे, देव त्याला बरं ठेवो, त्याच्या पोरांना बरं ठेवो. तू मुंबईला गेलीस नि भेटला कुठं तर सांग त्याला, आयेला फोन कर म्हणावं. पण दुपारनंतर. सकाळची मी घरात नसते.