विहिरीतली चेटकीण

न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाबाहेर सकाळच्या स्वस्त तिकिटांची रांग लागली होती. ‘चांदण्याची विहीर’ ही जुनी संगीत परीकथा पुन्हा रंगमंचावर येत होती. सत्तरीच्या डोरीनबाईंच्या पुढे सॉल आणि ग्वेन पोस्टरवरून भांडत होते.

“नुसती बादली? चेटकीण कुठाय?”

“विहिरीत असेल.”

“मागच्या वेळी ती तारेवरून उडायची. गाणं कमी, यंत्राची घरघर जास्त.”

“मला आवडली होती ती.”

“तुला लिफ्टसुद्धा गायिका वाटेल, ग्वेन. चेटकीण एकच, पहिल्या संचातली! सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी, बाहेर बर्फ. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला, ती हसली आणि तशीच गात राहिली. अख्खं थिएटर पाण्याखाली गेल्यासारखं शांत. अजून स्वप्नात ऐकतो मी.”

“नावच मोठं होतं तिचं.”

डोरीनबाईंनी पर्स घट्ट धरली. त्या दिवशी मोठ्या नावाला गालगुंड झाले होते, त्यामुळे बदली चेटकीण म्हणून नऊ महिने विंगेत ताटकळलेल्या डोरीनबाईंना आयुष्यातला तो एकच प्रयोग मिळाला होता. आज चेटकीण डोरीनबाई करणार, अशी चिठ्ठी प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत घातली होती.

सॉल म्हणाला, “त्या दिवसाची पत्रिका अजून जपलीय मी. आतून एक चिठ्ठी पडली होती म्हणा.”

“काय होतं तिच्यात?”

“कोण वाचतंय! च्युइंगगम गुंडाळून टाकलं.”

डोरीनबाईंना ठसका लागला. सॉल वळला.

“बाई, तुम्ही पाहिला होता का तो प्रयोग?”

“हो. अगदी जवळून.”

“मग सांगा हिला. तशी पुन्हा कुणी झाली?”

“छे हो,” डोरीनबाई म्हणाल्या, “त्या दिवसानंतर ती पुन्हा दिसलीच नाही.”