सावलीचा वाफा

तुमचं बी वाईट, असं मी कुठे म्हटलं? बसा पाहुणे, टोपी राहू द्या डोक्यावर, इथे घरातही थंडीच असते — दाणा टपोरा आहे तुमचा, गोड आहे, तुमच्या उन्हात नाव काढत असेल. पण तुमचा खालचा, सपाटीवरचा वाटाणा घाईचा. ऊन तापायच्या आत फुलायचं, शेंग भरायची, मोकळं व्हायचं — एवढंच त्याला ठाऊक. इथेही तेच करतो, खुळा. ऐन थंडीत फुलतो, आणि फुलावर दव गोठलं की संपलं; सकाळी वेल हिरवी, फुलं काळी. आमचा इथला डोंगरावरचा वाण बघा — थंडीभर नुसता दबून बसतो, फूल म्हणून दाखवत नाही. तो तुमच्याकडे नेलात तर फुलायच्या वेळेला ऊन गाठेल, फुलं गळतील, शेंगा पोकळ. ज्याची त्याची हवा.

— हो, आतच आहे तुमची बहीण. खोकते थोडी. लग्न होऊन आल्यापासून पहिलीच थंडी तिची, खोकणारच. तुम्ही बियाण्याचं विचारत होतात ना? मग ऐका. खालचं बी इथलं करून घेता येतं. शेजारी काय करतात — वाफ्यावर पेंढा घालतात, वरून पोती, लेकरासारखं जपतात. वाटाणा जगतो, पण लाडावलेलाच राहतो. मी नाही तसं करत. घरामागे सावलीचा वाफा आहे माझा, ऊन पोचतच नाही तिथे. पेरायचं आणि पाठ फिरवायची. थंडी सरेपर्यंत मी तिकडे बघत नाही. मरायचं ते मरतं — उरेल त्याचंच बी धरायचं, पुन्हा तिथेच पेरायचं. मग तो वाटाणा इथला. कुणी शिकवलं नाही मला हे. आता तेच शेजारी माझ्या दारात येतात, बी मागायला.

— शेगडी? मीच काढायला लावली. आवाज खाली. मुलगाही असाच ओरडला होता. तो गेलाय कामावर, म्हणून घरात शांतता आहे. त्याची आधीची बायको तुम्हाला माहीत नसेल — नसेलच, आम्ही कशाला सांगू? तीही खालचीच. तिला सगळं दिलं. दोन शेगड्या, लोकरीची रजई, खिडकीच्या फटी बुजवल्या. दुसरी थंडी काढली नाही तिने. का? लाडावली म्हणून! तेव्हाच ठरवलं मी, पुन्हा असं नाही. म्हणून हिला मागची खोली दिली, वाफ्याकडची. पांघरूण एकच, तेही पातळ. वैर आहे का माझं तिच्याशी? सून आहे माझी. तिला इथली करायचीय मला.

— नाही, नेता येणार नाही. रुजत आलेलं रोप उपटतं का कुणी? ती घोंगडी पिशवीत घाला परत. औषधही. तिच्या खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला आहे, कमरेलाच राहील.

— थांबा. ऐका जरा — थांबला की नाही खोकला? म्हटलं नव्हतं मी? अंगवळणी पडते थंडी. असे पांढरे का पडलात? हाका मारू नका तिला, झोपली असेल... म्हणूनच ओ देत नाही. ते दार सोडा, पाहुणे. मधेच उघडून बघायचं नसतं. उजेड आहे तोवर उतरा आता — थंडी सरली की या.